पाण्याखालच्या पादुका

२००५ सालचा ऑगस्ट. महापूर ओसरून आठ-दहा दिवस झाले होते आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेतीकर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. कुणाचा ऊस गेलेला, कुणाची म्हैस दावणीलाच गेलेली, कुणाच्या घराची भिंत बसलेली. भिजलेली पासबुकं, एकमेकांना चिकटलेले सात-बारा आणि पंचनाम्याच्या नकला यांचा कुबट वास शाखेत भरून राहिला होता.

साठीतला एक शेतकरी समोर बसला होता. त्याचा दीड एकर ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. उसाचं एक असतं. बुडखा पाण्यात राहिला तर तो तग धरतो, पण पाणी पोंग्यात शिरलं की आतून कुजतो. काही दिवस वरून हिरवा दिसतो, म्हणून बघणाऱ्याला उगाच आशा वाटत राहते. त्याच्या कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरता भरता, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “मामा, देवावर भरवसा ठेवा.”

तो म्हणाला, “भरवसा हाय की सायेब. आमी पाण्यात हुतो तवा वाडीला द्येव बी पाण्यातच हुता.”

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं एक साधी माहिती दिली होती.

आणि माहिती खरीच होती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची आपली नरसोबाची वाडी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं गाभाऱ्यात मूर्ती नाही, दत्तमहाराजांच्या पादुका आहेत. नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले अशी परंपरा आहे. दरवर्षी पावसाळ्यात नदी चढते, पायऱ्या बुडतात, पाणी मंदिरात शिरतं, पादुकांना स्पर्श करतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढलं की पादुका दिसेनाशा होतात आणि मोठ्या पुरात मंदिरच पाण्याखाली जातं.

ज्या पाण्यानं शिवारं बुडतात त्याच पाण्याच्या गाभाऱ्यातल्या प्रवेशाला आपल्या माणसांनी ‘सोहळा’ म्हणावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. थोडी चीडही आली होती. त्याचा अर्थ कळायला आणखी सोळा वर्षं जावी लागली.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी गेली. एकोणीस दिवस ती आत होती आणि मी बाहेर, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर. एप्रिलपासून देवळं पुन्हा बंद झाली होती. एरवी तिच्या दुखण्याखुपण्यात मी अंबाबाईला जाऊन यायचो. या वेळी महाद्वारात उभं राहून लांबून शिखराला हात जोडले आणि परत कट्ट्यावर येऊन बसलो. आमच्या घरात श्रद्धेचं खातं तिच्या नावावर होतं. गुरुवारचा उपास तिचा, गुरुचरित्राचं पारायण तिचं, वाडीची वारी तिची. मी आपला सहखातेदार. जिच्या नावावर एवढे गुरुवार जमा होते, तिलाच शेवटी श्वास पुरला नाही.

नंतर लोक भेटायला आले, फोन आले. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल. चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात, असंही एकानं सांगितलं. मी मान हलवत होतो आणि आतून कुजत होतो. देवघरातला दिवा सून लावायची. मी त्या खोलीत जाईनासा झालो. देव नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

त्या दिवसांत कपाटातली एक जुनी वही हाती लागली. संत बहिणाबाईंवर कादंबरी लिहावी म्हणून फार पूर्वी टिपणं काढली होती, पण धीर झाला नव्हता. या बहिणाबाई म्हणजे सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. कोल्हापूर हे त्यांच्या आयुष्यातलं वळणाचं गाव आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

वेरूळजवळच्या देवगावात त्यांचा जन्म झाला. अवघ्या तिसऱ्या वर्षी तिशीच्या बिजवराशी लग्न लागलं. पुढे कर्ज आणि भाऊबंदकी यांमुळे कुटुंबाला गाव सोडावं लागलं. फिरत फिरत ही मंडळी कोल्हापुरात आली आणि एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी राहिली. तिथं दान मिळालेली एक गाय आणि तिचं वासरू होतं. त्या वासराचा आणि अकरा-बारा वर्षांच्या बहिणाचा असा जीव जडला की ते तिच्याबरोबर कीर्तनालाही जाऊ लागलं. जयरामस्वामींच्या कीर्तनात स्वामींनी वासराला आणि मुलीला जवळ घेतलं. ही वार्ता नवऱ्याच्या कानावर गेली. त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. पुढे ते वासरूही मेलं आणि बहिणा कित्येक दिवस शुद्ध हरपून पडली. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगून ठेवलं आहे.

त्या अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन झालं. त्यांनी मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. कादंबरीकार म्हणून पूर्वी मी या चमत्कारापाशीच अडखळलो होतो. आता वाचताना लक्ष दुसरीकडे गेलं. वासरू परत आलं नाही. नवराही लगेच निवळला नाही, उलट शूद्राला गुरू केलं म्हणून जास्तच भडकला. त्याचं मन पालटलं ते नंतर, मोठ्या आजारपणात. तिच्या संकटातलं काहीही टळलं नाही. मिळाली ती फक्त सोबत. आणि ती कुणाची, तर दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या देहूच्या माणसाची. जो स्वतः त्या पाण्यातून गेला होता, त्याचा हात.

शिवाय बहिणाबाई मुकाट राहिल्या नाहीत. असा जन्म का दिलास, माझं काय चुकलं, हे त्यांनी देवाला रोखठोक विचारलं आहे. तुकोबा तर देवाशी कडाकडा भांडलेच. आपल्या परंपरेनं हे अभंग पुसून टाकले नाहीत, टाळ-मृदंगाच्या साथीनं गायले. संशय आला म्हणजे भक्ती संपली, असं या मातीनं कधी मानलेलं नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं. मी धरलेला अबोलासुद्धा कुणाशी तरीच धरला होता.

जुलै संपता संपता पुन्हा महापूर आला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५६ फुटांवर गेलं. २०१९ पेक्षाही जास्त. वर्तमानपत्रात वाडीच्या बुडालेल्या मंदिराचं छायाचित्र आलं आणि टेबलापलीकडचा तो शेतकरी मला आठवला. कट्ट्यावरच्या एकोणीस दिवसांत ‘देव कुठे आहे’ असं मी सारखा विचारत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर असायचा तो काठावर कोरडा बसलेला देव. त्या शेतकऱ्याचा देव काठावर नव्हताच.

कुणी म्हणेल, ही मनाची समजूत आहे. देव पाण्यात असल्यानं पाणी इंचभरही उतरत नाही. कबूल आहे. पण वाडीला जाऊन बघा. पाणी चढू लागलं की पुजारी उत्सवमूर्ती वेळीच उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजाअर्चा तिथं चालू राहते. भरवसा ठेवणारी माणसं पाण्याची पातळी बघत नाहीत, असं नाही. धरणाचा विसर्ग वेळेवर व्हावा, नावा वेळेवर याव्यात, दवाखान्यात प्राणवायू कमी पडू नये, हे सगळं माणसांनीच करायचं आहे. त्यात कसूर झाली तर तिला देवाची इच्छा म्हणणं हा देवावर घातलेला खोटा आळ आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच. आपण श्रद्धेचं बँकेतलं खातं करून टाकतो. उपास जमा, संकट नावे, आणि ताळा लागला नाही की खातं बंद. सुखात हा हिशेब खपून जातो, दुःखात उघडा पडतो. ‘देव टाळेल’ हा भरवसा कधीतरी फसणारच. ‘देव यातही आहे’ हा भरवसा फसत नाही, कारण तो परताव्यावर उभाच नसतो. तो मला पूर्ण साधला आहे असं मी म्हणणार नाही. काही रात्री तो असतो, काही रात्री नसतो.

घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी देवळं उघडली. पुढच्या गुरुवारी मी वाडीला गेलो. पूर कधीच उतरला होता. भिंतींवर पाण्याच्या खुणा होत्या, पायऱ्यांच्या सांदीत अजून गाळ होता. रांगेत पुढे सरकत पादुकांपाशी आलो. मागायचं काही सुचलं नाही. भांडणाचे शब्दही आठवेनात. “ती गेली,” एवढंच म्हणालो. जणू त्याला ठाऊक नव्हतं.

आता कुणाच्या घरी दुखवट्याला गेलो की मी देवाच्या वतीनं खुलासे देत नाही. जवळ बसतो. चहा आला तर घेतो. त्या माणसानं देवाला शिव्या घातल्या तर ऐकून घेतो. त्या शेतकऱ्याला ‘भरवसा ठेवा’ असं मी अर्ज भरता भरता, वर न बघता सांगितलं होतं. तो अजून आहे की नाही, कोण जाणे. असेल तर त्याला सांगायचं आहे की मामा, त्या दिवशी मी हसायला नको होतं.