इजाजत ज्याची त्यालाच



विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापेक्षा त्यावर उबुंटू हे मोफत लिनक्स घालणे परवडते. बीड, परळी, माजलगावकडच्या घरांत लॅपटॉप एक आणि वापरणारे चार, हे आपल्या ओळखीचेच. म्हणून या वेळी परवानग्यांविषयी बोलू.

लिनक्समध्ये कॅमेरा, हार्डडिस्क, यूएसबी पोर्ट अशी बहुतेक उपकरणे ‘देव्ह’ नावाच्या फोल्डरात फाइल म्हणून दिसतात. प्रत्येक फाइलवर तिघांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, गट आणि बाकीचे सर्व. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, दोन्ही मिळून ६. ६६० म्हणजे मालकाला आणि गटाला मुभा, इतरांना काहीच नाही.

विज्ञान प्रदर्शनासाठी मुले आर्डुइनो बोर्ड जोडतात, तेव्हा ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येऊ शकतो. त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘६६६ करून टाका’. काम होते, पण पोर्ट सर्वांनाच खुला होतो. शिवाय वायर काढून पुन्हा लावली की फाइल नव्याने तयार होते आणि अडचण परत उभी राहते.

खरा उपाय सोपा आहे. उबुंटूत या पोर्टचा गट ‘डायलआउट’ असतो. टर्मिनलमध्ये सुडो, अ‍ॅडयूजर, मुलाचे लॉगिन-नाव आणि डायलआउट हे चार शब्द इंग्रजीत, याच क्रमाने लिहा. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. ‘ग्रुप्स’ ही आज्ञा दिली की नवा गट यादीत दिसेल.

६६६ ची सवय हार्डडिस्कच्या फाइलपर्यंत गेली तर मोठे नुकसान होते. मग कोणतेही खाते डिस्क थेट वाचू शकते, पुसूही शकते. अम्मीची बँकेची कागदपत्रे, बहिणीचे फोटो, कोणत्याच फोल्डरचे कुलूप कामाचे राहत नाही. ‘डिस्क’ या गटात कोणाला घातले तरी तोच धोका. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा आणि गरजेपुरताच गट द्या.

सूरह नूरमध्ये इजाजतीशिवाय दुसऱ्याच्या घरात न शिरण्याची शिकवण आहे. घरातल्या मुलांनीही ठराविक तीन वेळी परवानगी मागावी, असेही तिथे सांगितले आहे. एकाच छताखालीही प्रत्येकाचा पडदा असतो. घरातल्या सामाईक लॅपटॉपवरही तो जपायला हवा, कारण त्यातली माहिती ही एकमेकांची अमानत आहे.