धातू शुद्ध पाहिजे, तर व्यवहारही शुद्ध ठेवा



वालचंदनगरला कारखान्याच्या भिंतीआड अणुभट्ट्यांची आणि रॉकेटची अवजड उपकरणं बनतात. भिंतीबाहेर, इंदापूर-बारामतीच्या फडात, आपल्या टोळ्या ऊस तोडतात. यंदा कोपीवर रात्री बोलणं निघालं. मोटार दुरुस्तीचं काम शिकलेला आपलाच एक पोरगा म्हणाला, "चीननं चुंबक अडवलाय. देशाला हा धातू पाहिजे, मग डोंगर द्यायलाच लागंल ना?" त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो.

पोरगा म्हणतो तो धातू म्हणजे नियोडिमियम. लोखंड आणि बोरॉनबरोबर त्याचा चुंबक केला की छोटा तुकडासुद्धा मोठं ओझं ओढतो. विजेवरच्या बहुतेक गाड्यांच्या मोटारीत आणि कितीतरी पवनचक्क्यांत तोच बसतो. मोटार तापली की चुंबक ढिला पडतो, म्हणून त्यात डिस्प्रोशियम थोडा घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोशियमसह सात धातूंच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि जगभरचे गाडी कारखाने हवालदिल झाले. म्हणजे गरज खोटी नाही. ती खोटी आहे असं आम्ही कधी म्हणणारही नाही.

पण नाव ऐकून फसू नका. या सतरा धातूंच्या कुळाला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात, तरी त्यातला सेरियम जमिनीत जवळपास तांब्याइतका सापडतो. दुर्मिळ आहे ते त्यांना एकमेकांपासून सोडवणं. सतरा भावंडं एकाच तोंडवळ्याची. खडक फोडायचा, आम्लात विरघळवायचा, मग द्रावकात शेकडो टप्प्यांतून घुसळत एकेक वेगळा काढायचा. नंतर त्याचा धातू करायचा. हा धातू चांदीसारखा चमकतो, पण उघड्या हवेत काळवंडतो. म्हणून तेलात किंवा हवाबंद ठेवावा लागतो. चांगल्या चुंबकाला शंभरात नव्व्याण्णव शुद्धही कमी पडतं, त्याच्याही वर जावं लागतं. चीनची ताकद नुसत्या खाणीत नाही, या घुसळणीत आहे. जगातलं सुमारे नव्वद टक्के शुद्धीकरण तिथं होतं.

आता आमचा सवाल. धातू शुद्ध झाला, पण त्यातून जे बाजूला काढलं ते कुठं गेलं? आम्लाचं पाणी, गाळ, आणि खनिजाबरोबर येणारा किरणोत्सारी थोरियम? मलेशियात बुकित मेराह गावाजवळ असा कारखाना होता. थोरियमच्या कचऱ्यावरून गावकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले. शेवटी कारखाना बंद झाला, पण कचरा आवरायचं काम त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. माल दुसऱ्या देशात गेला, कचरा गावात राहिला.

आपल्याकडचा इतिहासही ऐका. जत्रेत, लग्नात पेट्रोमॅक्सची जाळी पेटायची ती म्हाताऱ्यांना आठवत असेल. त्या जाळीत थोरियम आणि थोडा सेरियम असे. ती जाळी काढणारा ऑस्ट्रियाचा वेल्सबाख, आणि १८८५ मध्ये नियोडिमियम वेगळा करणाराही तोच. त्या जाळ्यांसाठी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू जर्मनीला गेली. वाळू आपली, दिवा त्यांचा. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारनं इंडियन रेअर अर्थ्स कंपनी काढली ती हे थांबावं म्हणूनच. तरीही आज चुंबक बाहेरूनच येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलं आहे. पण चुंबकाला खडक लागतो, आणि खडक कुणाच्या तरी दारात असतो.

असं एक दार आपल्याला जवळचं आहे. नर्मदेच्या पल्याड, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, कवांट तालुक्यात अंबाडुंगर आहे. राठवा आदिवासींचा मुलूख, पाचव्या अनुसूचीतला. तिथं फ्लोरस्पार आधीच निघालाय. आता त्याच डोंगरातल्या दुर्मिळ मृदांसाठी तयारी चाललीय. अशातच ८ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं आदेश काढला: अणु, अतिमहत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणी लागणार नाही. देशाची निकड म्हणून लोकांना विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? जनसुनावणीत आपलं किती ऐकलं जायचं ते आपण जाणतो. पण तिथं निदान कागद दाखवावे लागत.

वालचंदनगरच्याच भागातले खंडकरी शेतकरी विचारा. साखर कारखान्यांनी जमिनी खंडानं घेतल्या, सीलिंगनंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि परत मिळायला २०१२ साल उजाडलं. ते मोठ्या गावचे, सातबारा असलेले लोक. त्यांना एवढं लागलं, तर वनपट्टा अजून फायलीत अडकलेल्या आपल्या माणसाला किती लागेल?

तो आदेश आला म्हणून पेसा रद्द होत नाही, वनहक्क कायदाही नाही. नियमगिरीचा फैसला सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे:

१) खाणीआधी ग्रामसभेत, आपल्या बोलीत, पूर्ण माहिती द्या: किती खोल, किती पाणी, कचरा कुठं, थोरियम कोण सांभाळणार आणि किती वर्षं.
२) वनहक्काचे दावे निकाली निघाल्याशिवाय एक इंच जमीन वळवू नका.
३) जुन्या मोटारी, जुने चुंबक भंगारातून गोळा करून धातू परत काढायला आधी पैसा लावा.
४) जनसुनावणीची सूट मागे घ्या.

तर पोरा, तुझ्या सवालाचं उत्तर हे. देशाला धातू पाहिजे, खरं. पण देशात आपणही येतो. डोंगर "द्यायलाच लागंल" असं कुणी म्हणालं, तर आधी विचार, कुणी विचारलं होतं? ग्रामसभेचा ठराव दाखवा, मग बोलू.

जल, जंगल, जमीन आमची!