घरातला जुना राउटर : अपडेट करा, नाहीतर बदला



ऑनलाइन सुरक्षिततेबद्दल आपण मुलांना बरंच सांगतो. ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, आईच्या मोबाईलवर गेम विकत घेऊ नका. पण ज्या डबीतून हे सगळं इंटरनेट घरात येतं, त्या डबीबद्दल कुणी बोलत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरची धूळ पुसली जाते, आणि नेट बंद पडलं की बटण बंद करून पुन्हा चालू केलं जातं. तिची सेवा एवढीच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा वाय-फाय आलं. कुणी नवा राउटर घेतला, कुणाला केबलवाल्याने त्याच्याकडे पडलेला बसवून दिला. तेच राउटर आजही अनेक घरांत चालू आहेत. माझं मत असं आहे की, घरातल्या राउटरचं फर्मवेअर ताजं आहे का, हे बघणं हे पालकांचं काम आहे, केबलवाल्याचं नाही आणि आठवीतल्या मुलाचंही नाही. आणि ज्या राउटरला आता अपडेट येतच नाही, तो ठणठणीत चालत असला तरी बदलला पाहिजे.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत कायमची बसवलेली आज्ञावली. मोबाईलला जसं अँड्रॉइड, तसं राउटरला हे. त्यात चुका राहतात, त्या नंतर सापडतात, आणि कंपनी दुरुस्त केलेली प्रत काढते. फरक एवढाच की मोबाईल आपल्याला अपडेटसाठी हैराण करतो. जुना राउटर मात्र गप्प बसतो. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोयच नाही. आपण जाऊन बघितलं तरच कळतं.

"मॅडम, चालू आहे ना? मग कशाला हात लावायचा?" असं मला एका पालकांनी पालकसभेनंतर विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, कारण बिघडलेला राउटर वरून अगदी नीट चालताना दिसू शकतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक आज्ञावलीने ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणं ताब्यात घेतली होती. घराघरांत नेट चालू होतं, कुणाला पत्ता नव्हता. त्याच वर्षी मुख्यतः ब्राझीलमधल्या एक लाखाहून जास्त राउटरची डीएनएस सेटिंग बदलली गेल्याचं उघड झालं. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी व्यवस्था. ती बदलली की तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाईप करता आणि पोहोचता मात्र बनावट पानावर. अशा वेळी "अनोळखी लिंक उघडू नका" हा आपला उपदेश काय कामाचा? मुलाने कुठलीच लिंक उघडलेली नसते.

आता आपल्या ओळखीच्या डबीकडे येऊ. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राउटर आपल्याकडे शाळेत, दुकानात, घरात खूप ठिकाणी दिसतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने या मॉडेलच्या आठव्या आणि दहाव्या आवृत्तीतल्या एका दोषाचा समावेश 'प्रत्यक्ष गैरवापर होत असलेले दोष' या यादीत केला. दोष २०२३ मधल्या नोंदीचा, राउटर त्याहून कितीतरी जुने. या आवृत्त्या वापरत असाल तर संस्थेचा सल्ला सरळ आहे : कंपनीचा उपाय मिळत नसेल तर वापर थांबवा.

आठवी आणि दहावी आवृत्ती म्हणजे काय, हेच बहुतेकांना माहीत नसतं आणि खरी गडबड इथेच होते. वर्गात तीन 'साई' असतात, आपण त्यांना हजेरी क्रमांकाने ओळखतो. तसंच हे. ८४१एन हे नाव एकच, पण कंपनीने वर्षानुवर्षे आतले भाग बदलले आणि प्रत्येक वेळी नवा आवृत्ती क्रमांक दिला. राउटर उलटा करा. खाली चिकटवलेल्या लेबलवर मॉडेलचं नाव असतं आणि जवळच 'व्हर' असं लिहून एक आकडा असतो. ती हार्डवेअरची आवृत्ती. आठव्या आवृत्तीचं फर्मवेअर दहाव्या आवृत्तीत टाकायचं नाही. टाकलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. लेबलचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण राउटर परत भिंतीवर गेला की तो आकडा कुणी वाचत नाही.

मग सध्या आत काय आहे ते बघायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकायचा (इंग्रजी अंकांत), लेबलवरचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. ८४१एनच्या जुन्या पानावर 'स्टेटस'मध्ये फर्मवेअरची ओळ दिसते. त्यात 'बिल्ड' या शब्दापुढे सहा आकडे असतात, ती तारीखच असते. म्हणजे १६०३२५ असेल तर २५ मार्च २०१६. हा आकडा वाचता आला की निम्मं काम झालं, आणि तो वाचून अनेकांना धक्का बसतो. पहिलीत बसलेल्या मुलापेक्षा घरातलं फर्मवेअर मोठं निघतं!

फाईल शोधताना घाई करू नका. गुगलवर 'फर्मवेअर डाउनलोड' असं शोधलं की पहिल्या पानावर कितीतरी भलत्याच साईट येतात, मोठी हिरवी बटणं घेऊन. त्यातलं काही घ्यायचं नाही. युट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरूनही नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी पाठवलेली फाईल तर मुळीच नाही. कंपनीचं अधिकृत संकेतस्थळ उघडा, देश भारत निवडा, सपोर्ट विभागात मॉडेल शोधा, हार्डवेअरची आवृत्ती निवडा. तिथे फाईलबरोबर तारीख आणि काय दुरुस्त केलं याची चार ओळींची टीप असते. ती वाचा. फाईल झिप स्वरूपात असेल तर आधी उघडून घ्यावी लागते, आतली 'बिन' फाईल राउटरला द्यायची असते.

प्रत्यक्ष अपडेट करणं हे दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याआधीची तयारी महत्त्वाची. राउटरच्या पानावरून सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा. तुमचं नेट यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडलं जात असेल (केबलवाले बहुधा पीपीपीओई म्हणतात ते), तर ते दोन्ही वहीत लिहून घ्या. अपडेटनंतर कधीकधी राउटर कोरा होतो, आणि रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. वाय-फायवरून फाईल चढवताना मध्येच संपर्क तुटला तर पंचाईत होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वीज. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाईट गेली तर राउटर अर्धवट अवस्थेत अडकतो. आपल्याकडे गावात भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं, ते बघूनच बसा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या जोडणीवर राउटर लावा. ढगांचा गडगडाट चालू असेल तर दुसरा दिवस उजाडू द्या. एकदा 'अपग्रेड' दाबलं की राउटर स्वतः बंद होऊन चालू होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. घरातल्या लहानांनाही आधीच सांगून ठेवा.

नंतर तीन गोष्टी लगेच करून टाका : राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला ('ॲडमिन' तसाच ठेवलेला असतो, २०१६ मध्ये मिराई नावाच्या आज्ञावलीने जगभरातली उपकरणं असे ठरावीक पासवर्ड टाकूनच पकडली होती), बाहेरून नियंत्रण करण्याची 'रिमोट मॅनेजमेंट' सोय बंद करा, आणि डब्ल्यूपीएसही बंद करा.

फायबर कंपनीने दिलेला राउटर असेल तर हे सगळं करत बसू नका. त्यांचं फर्मवेअर बहुधा कंपनीकडूनच येतं. तिथे आपलं काम विचारण्याचं : हा डबा कोणत्या वर्षीचा, शेवटचं अपडेट कधी आलं, बदलून मिळेल का? लेखी विचारा, तोंडी विचारलं की "हो हो, ऑटोमॅटिक होतं" एवढंच उत्तर मिळतं.

ओपनडब्ल्यूआरटी नावाचं खुलं फर्मवेअरही आहे. २००४ पासून लोक ते सांभाळत आहेत, काम उत्तम आहे. पण जुन्या ८४१एनमध्ये साठवण फक्त ४ एमबी आणि मेमरी ३२ एमबी, त्यात त्याच्या नव्या आवृत्त्या मावत नाहीत. ज्याला हौस आहे आणि राउटर गेला तरी चालेल, त्याने दुसऱ्या सक्षम राउटरवर जरूर करावं. शाळेच्या एकुलत्या एका राउटरवर हा प्रयोग नको.

शाळेचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. शाळेत राउटर आला की तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतो. खरेदीची तारीख, किंमत, पावती क्रमांक, सगळं नीट. पुढे तो संगणक कक्षातल्या खुर्च्यांच्या शेजारच्या ओळीत खुर्चीसारखाच पडून राहतो. खुर्ची मोडली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. राउटर मोडलेला दिसत नाही, म्हणून त्याचा प्रस्ताव कधी जातच नाही. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही, 'चालू स्थितीत आहे पण असुरक्षित आहे' असा रकानाच आपल्या नोंदवहीत नाही. माझी सूचना साधी आहे. राउटरच्या नोंदीपुढे शेऱ्यात पेन्सिलने हार्डवेअर आवृत्ती आणि फर्मवेअरची तारीख लिहावी, वर्षातून दोनदा, सत्राच्या सुरुवातीला बघावी. दोन-तीन वर्षांत नवीन फर्मवेअर आलं नाही आणि कंपनीने मॉडेलचा आधार बंद केल्याचं जाहीर केलं असेल, तर तेच पान छापून निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडावं. समितीपुढे तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणं मला पटत नाही. राउटरच्या खोक्यावर किंमत असते, उत्पादनाचा महिना असतो, आयातदाराचा पत्ता असतो. बिस्किटाच्या पुड्यावर किती दिवसांत खायचं तेही असतं. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे मात्र मला आजवर एकाही खोक्यावर दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या कंपन्यांना ही किमान मुदत जाहीर करावीच लागते, आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायलाही बंदी आहे. तसंच आपल्या दुकानातही दिसलं पाहिजे. दीड हजारांचा राउटर दोन वर्षांच्या आधारासह आहे की सात, हे कळलं तर पालक स्वस्त-महाग नीट ठरवू शकतील. नाहीतर जुन्या मॉडेलचा पडून असलेला माल सवलतीत विकला जातो आणि आपण खूश होऊन घरी आणतो. तोवर दुकानदाराला विचारायची सवय लावून घेऊ. घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या शेवटच्या फर्मवेअरची तारीख मोबाईलवर बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि जुना राउटर काढलात तर तो नातेवाइकांना "तुम्हाला होईल" म्हणून देऊ नका, जो दोष आपल्या घरात होता तोच त्यांच्या घरात जाईल. रीसेटचं बारीक बटण टाचणीने दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे त्यातला तुमचा वाय-फायचा आणि नेटचा पासवर्ड पुसला जाईल. मग अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. अडॅप्टरसुद्धा त्याच्याबरोबरच.