पट्टीतून कापलेल्या दोन गोळ्या

नागपूरच्या कळमना मार्केटबाहेरच्या मेडिकलवाल्याकडे कात्री कायम हाताशी असते. ‘दोन गोळ्या दे भाऊ, डोकं फुटून राह्यलं’ म्हणत हमाल येतो, दुकानदार पट्टीचा तुकडा कापून देतो आणि चहाच्या घोटासोबत गोळी पोटात जाते. माणूस पुन्हा पोत्याखाली. ना चिठ्ठी, ना केसपेपर. मेयो रुग्णालयाच्या ओपीडीत तो कधी उगवत नाही, त्यामुळे सरकारी कागदावर त्याचं डोकंही दुखत नाही.

दवाखान्यात बसून मोजलं की दवाखान्यात येणारेच मोजले जातात. विदर्भाला हे नव्यानं सांगायला नको. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांचा अभ्यास केला. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. पुढे त्याच जिल्ह्यात डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तर पक्षाघात पहिल्या नंबरवर. दोन्ही वेळा माणसं गावातच होती; तोवर विचारायला कोणी गेलं नव्हतं.

डोकेदुखीसाठी असं दारोदार फिरणं कर्नाटकात झालं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मेंदू-मनोविकार संस्थेचे डॉ. गुरुराज, डॉ. गिरीश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००९-१० मध्ये बंगळुरू आणि भोवतालच्या खेड्यांतल्या २,३२९ प्रौढांची पाहणी केली. वर्षभरात डोकं दुखलेले जवळपास ६४ टक्के. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, चारांत एकाला. बायांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त! मायग्रेन हे एसीत बसणाऱ्यांचं लाडावलेलं दुखणं आहे, असं मानणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

अर्धशिशीचं एक लक्षण कळमन्यात फार महागात पडतं. साधं चालणं, जिना चढणंसुद्धा ठणका वाढवतं. उपचार नसेल तर दुखणं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतं. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, मळमळतं. आता मे महिन्याच्या उन्हात, लिलावाच्या आरडाओरड्यात पाठीवर पोतं घेऊन चालायचं. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना त्यात खाटाचीही भर. ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ म्हणत कपाळाला दुपट्टा आवळायचा. घरी बसलं तर मजुरी बुडते, म्हणून गोळी. आणि साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. इथं किती जण त्या टप्प्यावर आहेत, हे मेडिकलवाल्याच्या कात्रीलाच ठाऊक.

गंमत म्हणजे अशी पाहणी कळमन्यात करायची तर ती फार खर्चिक नाही. अर्धशिशीचं निदान मुख्यतः नीट विचारलेल्या प्रश्नांवर होतं. शिकवून तयार केलेला कार्यकर्ता ते विचारू शकतो. शंका आली तरच डॉक्टर. सरसकट एमआरआय लागत नाही. आपल्या ‘मेडिकल’ कॉलेजच्या जनवैद्यक विभागानं हे काम उचलावं, असं मला वाटतं.

मात्र कोणाला विचारायचं, ती यादी नीट निवडावी लागेल. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९चा. त्यानुसार नोंदलेल्या हमालांची नावं तयार मिळतील आणि तिथंच थांबायचा मोह होईल. नोंद नसलेले आणि मिरचीवाल्या बाया मग पुन्हा बाहेरच. घरोघर गेलं तरी वेळ पाहावी लागेल. सकाळी अकराला वस्तीत म्हातारी माणसं आणि पोरं भेटतात. कमावतं डोकं त्या वेळी बाजारात असतं. तेव्हा फेरी रात्री आठनंतर काढा, आणि पहिल्या भेटीत न सापडलेल्याचं नाव खोडू नका.