कास पाहता, मग मांजरीचे पोट का नाही?

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावासारख्या गावात धार काढायला बसलेला माणूस आधी म्हशीची कास चाचपतो. सड गरम किंवा घट्ट लागला, दगडीची शंका आली, की लगेच डॉक्टरांना बोलावणे जाते. त्याच गोठ्यात दुधाच्या आशेने बसलेल्या मांजरीच्या पोटाला मात्र वर्षानुवर्षे कुणाचा हात लागत नाही. मांजर दूध देत नाही, हे त्याचे खरे कारण! मला हे पटत नाही. मांजरीलाही कॅन्सर होतो आणि तो वेळीच हेरण्याचे कसब या घरांतील बोटांत आधीच आहे.

मांजरीच्या पोटावर सहसा सडांच्या ४ जोड्या असतात. ती मांडीवर येऊन बसली की महिन्यातून एकदा त्या हलकेच चाचपाव्यात. वाटाण्याएवढी जरी घट्ट गाठ लागली, तरी 'बघू पुढे' म्हणू नये. मांजरीच्या स्तनांतील १० गाठींपैकी ८-९ कॅन्सरच्या निघतात. गाठ २ सेंटिमीटरच्या आत असताना काढली, तर मांजर पुढे काही वर्षे जगू शकते. ३ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर बहुधा महिनेच मोजावे लागतात. वयाच्या पहिल्या ६ महिन्यांत नसबंदी केली, तर हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो.

अर्थात प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. भांडणातल्या चाव्याचे गळू दोन-चार दिवसांत वर येते, गरम असते आणि मांजर तेथे हात लावू देत नाही. कॅन्सरची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. खरा निवाडा गाठीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होतो.

पांढऱ्या मांजरांचे कान वेगळेच सांगतात. तेथे रंगद्रव्य नसल्यामुळे उन्हातील अतिनील किरण थेट त्वचेला भिडतात. कानाच्या टोकावर खपली धरते, निघते, पुन्हा धरते. 'बोक्याशी भांडला असेल' म्हणून हळद लावण्यात महिने जातात. वास्तविक हा कॅन्सर लहान असताना कानाचे टोक कापून टाकले, तर बहुतेक वेळा मांजर त्यातून सुटते. लाळ गळणे, तोंडाला घाण येणे, घास तोंडातून खाली पडणे, हे तोंडातील रोगाचे इशारे.

मांजर दुखणे लपवते. वजन लपवू शकत नाही. वाण्याच्या काट्यावर (गिऱ्हाईक नसताना!) टोपलीत बसवून दरमहा वजन करा. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटणे म्हणजे ५० किलोच्या मुलाचे ५ किलो घटणे. शिक्षकांनी अशा नोंदींचा आलेख वर्गात काढून घ्यावा.

आणि घरातील पॅरासिटॅमॉल मांजराला कधीही देऊ नका. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते. नोंदींची वही घेऊन पशुवैद्यांकडे जा. मोठ्या तपासणीची गरज पडली, तर पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.