घर पाहावं बांधून, तेही प्लायचं
या आठवड्यात भाचीच्या नादाने ‘सेकंड लाइफ’मध्ये शिरलो. २००३पासून चालू असलेलं हे आभासी जग बहुतेक रहिवाशांनीच ठोकळे जोडून उभं केलंय. नवा ठोकळा उमटतो तो अर्ध्या मीटरचा, चक्क प्लायवूडचा. मग ताणा, पिळा, पोकळ करा, वर विटांचं चित्र डकवा, झाली भिंत. (आमच्या सुताराला सांगू नका.) माणसं तिथे उडतात, तरी बंगल्याबंगल्याला जिना! भूक लागत नाही, तरी ओट्यावर शेगडी. जमिनीचे मात्र दरमहा खरे पैसे. कुणी याला पळपुटेपणा म्हणो, माझ्या लेखी ही भातुकली आहे, आणि भातुकलीइतका गंभीर उद्योग दुसरा नाही. माझी पहिली भिंत तिरकी आली. भाची म्हणाली, “मामा, आधी ग्रिड लावायचं असतं!”