पटावरची पैज

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कसलाही हिशेब अडला की, "तू शिकतोस ना, मग सांग" असे सगळे म्हणतात. गेल्या वर्षी मात्र एक हिशेब असा निघाला की त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते उशिरा का होईना, येथे देतो.

आंबागडच्या बाजूला शंकरपट माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. परंतु आपल्या कॉलेजात काही प्राध्यापक बाहेरच्या जिल्ह्यांतील आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. धानाची मळणी आटोपली की हिवाळ्याच्या शेवटी गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती भरतात, त्यांना आमच्याकडे शंकरपट किंवा नुसते 'पट' म्हणतात. कोठे दोन जोड्या एकदम सोडतात, कोठे एकेक जोडी सोडून सेकंद मोजतात. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सारे बंद पडले होते. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, आणि काठी, चाबूक, तुतारी यांना बंदी आहे. ही बंदी मला योग्य वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या बाबांना बैलातले कळते. ही मुलाची बढाई नव्हे. बैल विकत घ्यायचा असला की चार गावचे लोक त्यांना सोबत नेतात. पटावर गेले की ते आधी जोडीचा मेळ पाहतात. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा त्याहून थोडा मंद असला, तर छकडा एका अंगाला ओढला जातो आणि चांगल्या बैलाचा वेगही वाया जातो. म्हणून दोन मध्यम पण सारखे बैल बरे, असे त्यांचे मत. मग खूर, मग छाती, मग धावून आल्यावर श्वास किती वेळात बसतो ते. जोडी काल दुसऱ्या गावी धावली काय, रात्रभर टेम्पोत उभी होती काय, याची चौकशी ते चहाच्या टपरीवर करतात. जमीन पायाने दाबून पाहतात, कारण धानाच्या बांध्या सपाट करून केलेल्या वाटेत कोठे ओल राहते तर कोठे भेगा. गवळाऊ जातीचे रक्त असलेला बैल चपळ खरा, पण भर दुपारच्या उन्हात त्याचे काय होते हेही ते सांगतील. एवढा अभ्यास मी इतिहासाच्या पेपरासाठीसुद्धा करीत नाही!

तर गेल्या वर्षी एका पटावर बाबांनी एका जोडीवर पाच हजार रुपये लावले. धानाच्या चुकाऱ्यातून माझ्या फीसाठी आणि खोलीच्या भाड्यासाठी मायने बाजूला ठेवलेले ते पैसे होते. जोडी खरोखरच त्या पटावरची उत्तम होती. ती हरली.

"बैल तेच होते रे, पण धुरकरी बदलला," बाबा म्हणाले. नेहमीचा हाकणारा आजारी पडला होता. बाबांना ते सुटायच्या वेळी दिसले. पैज घेणाऱ्या इसमाला बहुधा सकाळीच ठाऊक होते.

"एवढं कळूनही आपण हरलो कसे?" असे त्या रात्री त्यांनी मला विचारले. माय चुलीपाशी बसली होती, ती काहीच बोलली नाही.

उत्तर शोधताना मी मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींविषयी वाचले. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालापासूनचे. तेथे पैज लावणारेही बाबांसारखाच विचार करतात: घोड्याची मागची कामगिरी, अंतर, मैदान ओले की कोरडे, जॉकी कोण, शिकवणारा कोण. पण तेथील एक रीत वाचून मी थबकलो. हँडिकॅप नावाच्या शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन वाहावे लागते, कमी पडले तर खोगिराखाली शिशाचे तुकडे घालतात. हेतू असा की सगळे घोडे शक्यतो बरोबरीने यावेत. म्हणजे तुम्ही रात्र जागून जे शोधून काढले, ते कोणीतरी आधीच तोलून घोड्याच्या पाठीवर ठेवलेले असते! तरीही जो घोडा सर्वांना चांगला वाटतो, त्यावर सर्वांचेच पैसे लागतात आणि तो जिंकला तरी हाती थोडेच येते. शिवाय क्लबचा वाटा आणि कर वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे नुसते जाणकार असून भागत नाही. इतर जाणकारांपेक्षा, तेही बऱ्याच अंतराने, जास्त जाणकार असावे लागते.

पटावर वजन नाही, कर नाही. तेथे समोर माणूस असतो. बाबांनी बैलांचे सर्व काही पाहिले, पण उत्तम जोडीविरुद्ध हा माणूस पैसे का लावतो आहे, हे विचारले नाही. माझ्या मते पैज लावताना पहिला विचार हाच हवा. समोरचा एक तर मूर्ख असेल किंवा त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि पटावर रोज येणारे लोक सहसा मूर्ख नसतात. दुसरा विचार आपल्या खिशातले पैसे कोणाचे, हा. धर्मराजाला द्यूताची आवड होती पण खेळ येत नव्हता, असे शकुनी म्हणतो. बाबांना येत होते, तरी फरक पडला नाही.

माझे काही मित्र म्हणतात की हा कायद्याचा अन्याय आहे. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवले. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही रेसकोर्सवरच्या पैजेला सवलत आहे. मग शेतकऱ्याच्या बैलावरची पैज तेवढी गुन्हा का? शहराला एक न्याय आणि खेड्याला दुसरा, ही तक्रार मला खोटी वाटत नाही. पण सवलत मिळाली तर बाबांचे काय भले होणार? कौशल्य म्हटल्याने हरलेले पैसे परत येत नाहीत. फार तर लाज कमी वाटेल, आणि ती कमी वाटू नये असे मला वाटते.

फी मी विलंब शुल्कासह भरली. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला, मायनेही तोडला. यंदाही बाबा पटाला गेले, मीही सोबत होतो. जाण्यापूर्वी मायने त्यांच्याकडून पाकीट मागून घेतले आणि चहापुरते वीस रुपये हातावर ठेवले. दिवसभर ते कडेला उभे राहून कोणती जोडी येणार ते मला सांगत होते. सहापैकी चार वेळा बरोबर निघाले. आता धुरकऱ्याचे तोंडही ते आधी पाहून घेतात.